राज्याला दिलेली डाय

“टेंडर? कसलं टेंडर?” खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्याच्या कचेरीत पापलेटं विकायला आले होते. “पट्टेवाल्यांच्या बिल्ल्यांची ऑर्डर गेली, बाई. महिना होईल आता.”

“गेली कशी? पेपरात जाहिरात आली नाही. मी रोज वाचनालयात जाऊन बघते.”

“अशा कामाची जाहिरात येत नाही. हा बिल्ला एकच कंपनी बनवू शकते. दुसरा बनवणाराच नाही, तर टेंडर मागवायचं कुणाकडून?”

मी खिडकीचा कठडा घट्ट धरला. दुसरा बनवणाराच नाही! बत्तीस वर्षं माझे वडील लालबागला पितळी बिल्ले बनवत होते. अर्ध्या गिरणगावाच्या कमरेला आणि खिशात त्यांच्या हातचे नंबराचे बिल्ले होते. आणि हा मनुष्य पान चघळत मला सांगत होता, की असा कुणी नाहीच. जिवंत माणसाचं तेरावं घालून वर आपल्यालाच जेवायला बोलवावं, तसं मला झालं.

“असं कागदावर लिहिलंय?” मी विचारलं.

“फाइलवर शेरा आहे. साहेबाची सही आहे. आणखी काय पाहिजे?”

मला आणखी पुष्कळ काही पाहिजे होतं, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. ही गोष्ट माझ्या बाबतीत फार क्वचित घडते. मी मालन शामराव पांचाळ. तेव्हा माझं वय सत्तावीस होतं. आई होती तोवर म्हणायची, या पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं तर उद्या स्थळ येईल. कुलूप लागलं नाही, स्थळही आलं नाही, आणि मी वडिलांच्या कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळू लागले.

कारखाना म्हणायची आपली पद्धत. दारावर ‘पांचाळ मेटल वर्क्स’ अशी पाटी होती, आणि आत एक भट्टी, एक हाताने फिरवायचा प्रेस, वडील आणि रामूकाका. वडिलांना सगळं लालबाग नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायची. नाना डाय कोरायचे. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर अक्षरं आणि चित्र उलटं कोरायचं, प्रेसखाली धरून पितळी पत्र्यावर दाबलं की बिल्ल्यावर सुलटं उठतं. रामूकाका प्रेस फिरवायचे. छप्पन साली फाउंटनजवळ लाठी बसून त्यांचा डावा खांदा कामातून गेला होता, म्हणून उजव्याने फिरवायचे.

पण गिरण्यांनी पितळी बिल्ले सोडून छापील कार्डं काढायला सुरुवात केली होती. गाळेमालकाला आमच्या जागी पिठाची गिरणी घालायची होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नानांना दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर मोठं काम हातात आलं तर गाळा तुमचा, नाहीतर माझा, असं दोघांचं ठरलं होतं. मोठं काम म्हणजे कुठलं, ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. नवं राज्य होणार होतं. नव्या राज्यात कचेऱ्या असणार, कचेऱ्यांत पट्टेवाले असणार, आणि प्रत्येक पट्टेवाल्याच्या छातीवरच्या पट्ट्याला नवा बिल्ला लागणार. जुन्यांवर ‘बॉम्बे’ होतं ना!

मुंबईसह महाराष्ट्र होणार ही बातमी पक्की झाली, त्या दिवशी नानांनी कपाटातून पोलादाचा एक ठोकळा काढला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. चार महिने ते डोळ्याला भिंग लावून बसले. एकसष्टाव्या वर्षी. मधे बुरूज, बुरुजाचा दगडन् दगड वेगळा, आणि भोवती गोलाईत ‘महाराष्ट्र राज्य’. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते सदऱ्याच्या बाहीला पुसायचे आणि पुन्हा वाकायचे. “ही शेवटची डाय गो,” ते म्हणायचे. “ह्यापुढे डोळे साथ देणार नाहीत.”

एक मे रविवारी होता. सोमवारी सकाळी नाना, रामूकाका आणि मी, धुतलेले कपडे घालून, कचेरीत गेलो. एका डब्यात ती डाय होती, तिच्यावर उठवलेला पहिला बिल्ला होता, आणि मी लिहिलेलं पत्र. नानांनी डबा तिथल्या साहेबाच्या टेबलावर ठेवला, हात जोडले आणि काही न बोलता परत फिरले.

जिन्यात मी विचारलं, “नाना, पोच तरी घ्यायला हवी होती.”

“देवीची ओटी भरताना पावती मागतात काय गो?” ते म्हणाले.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ते फार आवडलं होतं. राज्य आपलं, रामूकाकांचा खांदा त्यात गेलेला, मी स्वतः मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेली. अशा राज्याकडून पावती मागायची? आम्ही समजत होतो की डाय आता कचेरीच्या कपाटात राहील, टेंडर निघेल, ज्याचा हात चांगला त्याला काम मिळेल. आणि आमच्यापेक्षा चांगला हात मुंबईत कुणाचा होता?

तर कारकुनाचं ते बोलणं ऐकून मी कारखान्यात आले आणि नानांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. “तू नीट ऐकलं नसशील,” असं ते तीनदा म्हणाले. चौथ्यांदा ते म्हणाले नाहीत. हातातली कानस खाली ठेवून ते नुसते भट्टीकडे बघत बसले.

मी मात्र बसले नाही. मी तक्रार लिहिली. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरी लिहिली. मग तिसरी. प्रत्येक पत्रात माझं म्हणणं एकच होतं: एकच बनवणारा आहे हे खोटं आहे, दुसरा इथे लालबागला बसलेला आहे, त्याला न विचारता काम दिलं ते रद्द करा आणि रीतसर निविदा मागवा. पाचव्या पत्राला उत्तर आलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी. अधिकारी, कमलाकांत तळपदे.

रामूकाका म्हणाले, “तळपदे म्हंजे गिरगावातले प्रभू. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत. ते काय आपल्या बाजूने बोलतात!”

पण तळपदेसाहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. कृश, पांढऱ्या केसांचा, सावकाश बोलणारा मनुष्य. ते नानांना ‘आपण’ म्हणत होते. समोर कंपनीचे मॅनेजर मनमोहन बसले होते, कोट घालून, मांडीवर चामड्याची बॅग. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता.

“बाई, आपली पाचही पत्रं मी वाचली,” साहेब म्हणाले. “तिखट लिहिता. आता फाइल बघू.” त्यांनी शेरा मोठ्याने वाचला. “‘सदर बिल्ल्याचा साचा केवळ याच कंपनीकडे उपलब्ध असल्याने निविदा मागविण्याचे प्रयोजन दिसत नाही.’ आणि हा त्यांनी सादर केलेला नमुना.”

फाइलीच्या पानाला दोऱ्याने एक बिल्ला बांधला होता. साहेबांनी फाइल आमच्याकडे वळवली.

नानांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. मग त्यांनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मी वाकून बघितलं. मधे बुरूज, दगडन् दगड वेगळा.

“हा माझा बिल्ला,” नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की साहेबांनी पुन्हा विचारलं. “हा मी उठवलेला बिल्ला, साहेब. तीस एप्रिलला. पहिला.”

मी मनमोहन यांच्याकडे बघितलं. ते बॅगेचा बंद चाळवत होते.

“तुमच्याकडे हा कुठून आला?” साहेबांनी त्यांना विचारलं.

“खात्यानेच दिला, साहेब. डायसकट.” ते अगदी सहज बोलले. “तेव्हाच्या विभागप्रमुखांनी आम्हाला बोलावलं, डाय दिली, म्हणाले असा माल काढून द्या. आम्ही काढला. आमची काय चूक?”

आणि खरंच, त्या माणसाला चूक दिसत नव्हती. म्हणजे झालं होतं ते असं. आमच्या हातची डाय कचेरीने उचलून कंपनीला दिली, आणि मग त्याच कचेरीने लिहिलं, की डाय फक्त कंपनीकडेच आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही. नानांचा हात कापून घेतला आणि वर लिहिलं, याला हातच नाही.

तळपदेसाहेबांनी शेरा पुन्हा एकदा मनाशी वाचला. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी पान उलटलं, आणि थांबले.

“हे पत्र कोणाचं?”

मी माझं अक्षर ओळखलं. त्यांनी ते वाचू नये म्हणून मी देवाला हात जोडणार होते, पण त्यांनी वाचलं. “‘सदर साचा आम्ही नवोदित राज्यास सविनय अर्पण करीत असून, त्यावर आमचा अथवा आमच्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही, ही विनंती.’”

आमच्या वारसांचा! वारस म्हणजे तरी कोण? मीच. शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलेली मालन! एका जुन्या खरेदीखतात ते वाक्य वाचलं होतं, भारदस्त वाटलं, म्हणून घातलं. कुणी मागितलं नव्हतं. नानांना मी ते वाचून दाखवलं होतं आणि त्यांनी नुसती मान हलवली होती, कारण माझ्या मराठीवर त्यांचा आंधळा विश्वास. मला तिथेच जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मनमोहन यांनी बॅगेचा बंद लावला. सुनावणी संपली, असं त्यांना वाटलं असावं.

तळपदेसाहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी मनमोहन यांना बाहेर बसायला सांगितलं, दार लागलं याची खात्री केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “शामराव, या पत्रावर सही आपल्या मुलीची आहे, आपली नाही. आपण एवढंच म्हणा, की साचा पाहण्यापुरता दिला होता. अर्पण वगैरे मुलीने हौसेने लिहिलं, आपल्याला माहीत नव्हतं. मी आत्ता लिहून घेतो. मालक आपण ठरता. साचा आपल्याला परत मिळेल, आणि मग ज्याच्याकडे साचा त्याला काम, हा त्यांचाच शेरा आपल्या उपयोगी पडेल.”

एवढ्या वर्षांत कुठल्या सरकारी माणसाने आमच्यासाठी एवढं केलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. गाळा राहणार होता, रामूकाका राहणार होते.

“दिला होता, साहेब,” नाना म्हणाले. “द्यायलाच गेलो होतो.”

“शामराव, नीट विचार करा.”

“पोरीने काय लिवलं ते मी ऐकलं होतं. दिलं ते दिलं. दिलेलं परत घेतलं तर तोंड कुठे दाखवू?”

मला आधी धक्का बसला आणि मग राग आला. मी त्यांच्या दंडाला धरलं, “नाना!” म्हटलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. रागावले नव्हते. माझ्याकडे बघून उलट थोडं हसले, माझीच समजूत काढावी तसे. त्या हसण्याने माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. राग आला की माझं डोकं चालतं, हे माझ्या शत्रूंनीसुद्धा मान्य केलं आहे.

“साहेब,” मी म्हटलं, “दिली, कबूल. हक्क सोडला, तोही कबूल. पण कुणाला दिली? पत्र वाचा. राज्याला दिली. कंपनीचं नाव आहे का त्यात?”

“नाही.”

“मग डाय राज्याची. राज्याची असेल, तर ती ‘केवळ कंपनीकडे उपलब्ध’ कशी? उद्या तुम्ही सरकारी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना त्यांचा माणूस उभा करणार आणि म्हणणार, रस्ता फक्त यांच्याकडेच आहे? ज्याला टेंडर भरायचंय त्याला ती डाय दाखवा. आम्हाला, त्यांना, परळच्या, भुलेश्वरच्या, सगळ्यांना. मग बघा किती बनवणारे निघतात!”

तळपदेसाहेबांनी पेन उचललं आणि फाइलवर लिहायला लागले. पान भरलं, दुसरं घेतलं. शेवटी म्हणाले, “बाई, तुमच्या वडिलांनी मला खोटं लिहिण्यापासून वाचवलं. मी ते लिहिलं असतं.” मग फाइल मिटून म्हणाले, “तक्रार मान्य. लेखी निर्णय कारखान्याच्या पत्त्यावर येईल.”

बाहेर पडल्यावर मी रस्त्यात उभी राहून रडले. रामूकाका फाटकापाशी थांबले होते, त्यांना वाटलं हरलो. जिंकलो म्हटल्यावर त्यांनी उजव्या हाताने नानांना असं कवटाळलं की दोघंही पडता पडता वाचले. त्या आठवड्यात आम्ही भट्टी साफ केली, प्रेसला तेल दिलं. नाना सारखे विचारायचे, “डाय परत कचेरीत आली असेल ना गो आता?”

पत्र ऑगस्टच्या मध्याला आलं, दुपारी. सरकारी पट्टेवाला सायकलवरून घेऊन आला. राजाराम त्याचं नाव, तिशीचा असेल. पत्र मी घेतलं, सही केली आणि दारातच फोडलं.

निर्णय आमच्या बाजूने होता. निविदा न मागवता दिलेलं काम नियमबाह्य. तक्रार पूर्णपणे मान्य. यापुढे रीतसर निविदा मागवूनच काम द्यावं. मी मोठ्याने वाचत होते आणि नाना मान डोलावत होते. मग शेवटचा परिच्छेद आला. संपूर्ण माल सुनावणीच्या दहा दिवस आधीच भांडारात जमा होऊन आता वाटला गेला आहे, असं चौकशीत निष्पन्न झालं होतं. वस्तू टिकाऊ असल्याने नजीकच्या काळात नवीन मागणी संभवत नाही. सबब प्रकरण निकाली.

मी पुन्हा वाचलं. सुनावणीत आम्ही बोलत होतो, साहेब लिहीत होते, मी रस्त्यात रडत होते, आणि सगळा माल तेव्हा भांडारात पडून होता. मनमोहन यांना ते माहीत होतं. म्हणून तर ते एवढे निवांत होते. मी वर बघितलं, तर नानांचं लक्ष पत्राकडे नव्हतंच. ते राजारामच्या छातीकडे बघत होते.

नवा पट्टा, आणि पट्ट्यावर नवा बिल्ला.

“बघू दे रे जरा,” नाना म्हणाले.

राजाराम खुशीने पुढे झाला. “बघा की, नाना! परवाच मिळाला. महाराष्ट्राचा पहिला बिल्ला. मी सत्तावन्नला पंधरा दिवस आत होतो, म्हाईताय? आमच्या बीडीडी चाळीतली पोरं हात लावून बघतात. मंडळी तर रोज चिंचेने घासते.”

नानांनी बिल्ला न काढताच बोटांत धरला आणि वाकले. मीही वाकले. बुरुजाच्या डोक्यापासून खाली, ‘राज्य’ या अक्षरांना चिरत, एक बारीक, फुगीर रेघ गेली होती. ती ओरखड्याची नव्हती. पितळेतूनच उठलेली होती. डाय तडकल्याशिवाय अशी रेघ उठत नाही. नानांनी ती डाय हाताच्या प्रेससाठी घडवली होती, पोलादाला पाणी तसं दिलं होतं. यांनी घाईत ती विजेच्या मोठ्या प्रेसवर चढवली, पितळ न तापवता ठोकत सुटले, डाय फुटली, आणि फुटलेल्या डायनेच माल काढत राहिले. म्हणजे मुंबईतल्या प्रत्येक पट्टेवाल्याच्या छातीवर ती रेघ होती.

रामूकाकांनाही ती दिसली. ते तोंड फिरवून आत गेले. मला ओरडावंसं वाटलं. त्या राजारामला खांद्याला धरून सांगावंसं वाटलं, की अरे, हे फुटकं आहे, तुला फुटकं दिलंय, आम्ही असं नव्हतं दिलं. माझं तोंड उघडलंसुद्धा.

“तुमी ह्याच धंद्यातले ना, नाना?” राजाराम विचारत होता. “मग सांगा, कसा झालाय?”

नानांनी सदऱ्याची बाही पुढे ओढली आणि बिल्ल्यावरचा बोटांचा डाग पुसला. त्या रेघेवरून त्यांचा अंगठा एकदा फिरला.

“चांगला झालाय,” ते म्हणाले. “जपून वापर.”

राजाराम खूश होऊन सायकलवर बसला. तो वळणाआड जाईपर्यंत नाना दारात उभे होते. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “गाळेमालकाला निरोप दे गो. दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही.”